दोन गाठींची गोणी

तुमच्या दुकानात, गिरणीत, गोदामात या घडीला जे काही पडलेलं आहे, त्यातलं तुमचं स्वतःचं किती? उत्तर द्यायची घाई करू नका. शिंप्याच्या कपाटातलं कापड गिऱ्हाइकाचं असतं, गॅरेजात उभी असलेली मोटारसायकल दुसऱ्याची असते, मांडववाल्याने घेतलेला विसार लग्न लागेपर्यंत त्याचा नसतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरीही एखादी वस्तू महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर पडून राहिली की ती हळूहळू आपलीच वाटायला लागते. आमच्या घरात एका हिवाळ्यात तसं वाटलं. पुढे मी मोर्चात चालले, पोलिसांच्या गाडीत बसले, पण त्या हिवाळ्यात जशी घाबरले तशी नंतर कधी घाबरले नाही.

आमची भाताची गिरणी डोळखांबच्या रस्त्याला, गावाच्या कडेला. घर आणि गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत होती. मशीन चालू झालं की पट्ट्याचा फटफटाट त्या भिंतीतून स्वयंपाकघरात यायचा, फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे आणि आईचा भाकरी थापायचा हात नकळत त्याच तालावर पडायचा. तूस सगळीकडे. अंथरुणात तूस, केसांत तूस, वालाच्या कालवणात तूस. पाहुणा आला आणि ताटातून तूस काढू लागला की बाबा म्हणायचे, "राहू द्या, आमच्यात त्याचे पैसे वेगळे लावत नाय." बाबा मस्करीखोर होते. गिऱ्हाइकाला थांबावं लागलं तर ते त्याला हसवून थांबवायचे. त्यांचा सगळा धंदा तोंडावर चालायचा आणि पैसा देवळीतल्या एका पत्र्याच्या डब्यात पडायचा. गिरणीचं लाइटबिल त्याच डब्यातून, माझी कॉलेजची फी त्याच डब्यातून, शनिवारची सुकटही त्याच डब्यातून. डबा भरलेला दिसला की धंदा बरा चाललाय, रिकामा दिसला की मंदी आहे, एवढाच आमचा हिशेब.

माझा मामा आसनगावला राहायचा, कल्याणला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होता आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. येताना सुकट-बोंबलांबरोबर तो पत्रकं आणायचा. स्टेशनबाहेर वाटलेली, सभेत मिळालेली, संपावरच्या कामगारांनी काढलेली. पुस्तकं आमच्या घरात जवळजवळ नव्हतीच. मी वाचायला शिकले ती त्या पातळ पिवळ्या-गुलाबी कागदांवर. "बंधू-भगिनींनो" हा शब्द मला "कमळ-बदक"च्या आधी यायचा. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहू लागले. त्या हिवाळ्यात मी वीटभट्टीच्या मुकादमांवर एक लिहीत होते. दुसऱ्याच्या घामाचं धान्य आपल्या कोठारात ठेवून वर उपकार केल्याचा आव आणणाऱ्यांनो, असं त्यातलं एक वाक्य होतं. ते लिहून झाल्यावर मी फार खूश झाले होते. बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते बाहेर जाऊन मशीनला तेल घालू लागले. मला वाटलं, वाक्य जमलंय.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. पाड्यावरची माणसं दिवाळी झाली की घराला कड्या लावून भट्टीवर जातात. लेकरं, कोंबड्या, भांडी सगळं टेम्पोत. भात मात्र नेता येत नाही. थोड्या जमिनीत पिकलेलं, बाकीचं दुसऱ्याच्या शेतात कापणी करून मजुरीत मिळालेलं. बंद घरात ठेवलं तर उंदीर खातात. म्हणून ते गिरणीच्या मागच्या खोलीत गोण्या ठेवून जायचे. शिमग्याला दोन दिवस घरी आले की सणापुरतं कांडून घ्यायचे आणि भट्टी संपल्यावर परत आले की उरलेलं पावसाळाभर खायचे. भट्टीचे पैसे उचलीतच गेलेले असतात. आषाढ-श्रावणात त्यांच्या चुलीवर जे शिजतं ते या गोण्यांतलं. कागद नाही, पावती नाही. प्रत्येक घरची बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी गोणीच्या तोंडाला बांधायची आणि त्या रंगावरून गोणी कुणाची हे कळायचं. गोण्या ठेवून घेणं आईचं काम. बदल्यात आम्ही काही घेत नव्हतो; कांडायला ते दुसऱ्या गिरणीत जात नसत, तेवढंच.

त्या वर्षी कल्याणकडचा एक माणूस गाडी घेऊन आला. शहरातले लोक आता बिनपॉलिशचा तांदूळ मागतात, लाल असेल तर उड्या पडतात, असं त्याने सांगितलं. पहिली ऑर्डर लहान होती. आमच्या स्वतःच्या भातातून ती भागली आणि पैसे जागेवर रोख मिळाले. दुसरी थोडी मोठी, पैसे आठवड्याने आले. बाबांनी पिशव्या छापून घेतल्या, त्यांच्यावर आजीचं नाव आणि भाताची लोंबी. पिशवी शिवायचं मशीन घेतलं. आई म्हणाली, डबा रिकामा झाला. बाबा म्हणाले, झाडाला पानी घातल्याबिगर फळ लागतं का गो? तिसरी ऑर्डर आली ती आमच्या अख्ख्या वर्षाच्या भातापेक्षा मोठी होती आणि पैसे माल पोचल्यावर महिन्याने. बाबा हो म्हणाले. आज मी मुरबाडला बचत गटांच्या बैठकीत बोलायला जाते तेव्हा बायांना सांगते, धंदा बुडवणारी ऑर्डर वाईट दिसत नाही, ती फार गोड दिसते. पहिल्या दोनदा वेळेवर पैसे देणारा माणूस तिसऱ्यांदा उधारी मागतो तेव्हा आपण त्याला नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणण्याची आपल्याला लाज वाटते. पण तेव्हा मी पत्रकं लिहिण्यात गुंतले होते, आणि माल भरून टेम्पो गेला तेव्हा मला अभिमानच वाटला होता.

शिमगा जवळ आला होता. दुपारची वेळ, गिरणी बंद. मांजरीने मागच्या खोलीत पिल्लं घातली होती, त्यांचा आवाज येत होता म्हणून मी आत गेले. पिल्लं गोण्यांच्या थप्पीमागे होती. वाट करायला मी वरच्या गोणीला हात घातला. भाताची गोणी मला एकटीला हलत नाही, म्हणून पायाचा जोर लावून ओढली आणि ती उशीसारखी हातात आली. मी मागच्या मागे बसले. गोणीच्या तोंडाला निळी चिंधी होती तशीच. दुसरी ओढली, तीही तशीच हलकी. तिसरीला हात लावायचं धाडस झालं नाही. दारात आई उभी होती, हात पिठाने माखलेले.

"ठेव खाली," ती म्हणाली.

"यात काय आहे?"

"तूस."

ती आत आली, गोणी उचलून होती तिथे नीट रचली, चिंधीचं टोक बाहेर राहील अशी. झाडताना तिला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. बाबांना विचारलं नव्हतं. का नाही विचारलं, मी म्हटलं. तिने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे मशीन गप्प होतं. "इचारलं तर त्यांना बोलाया लागंल," ती म्हणाली. "आन बोलले की ते खरं हुईल."

त्यानंतरचे दिवस मला आवाजांनी आठवतात. बाबा कल्याणच्या माणसाला फोन लावायचे आणि आम्ही दोघी हातातलं काम थांबवून ती रिंग ऐकायचो. आधी तो म्हणायचा, पार्टीकडून आले की देतो. मग दुसराच कुणी उचलायचा आणि साहेब बाहेर आहेत म्हणायचा. मग नुसती रिंग. रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला की आईच्या हातातली पळी थांबायची. पाड्यावरची माणसं लवकर तर नाही आली? बाबांची मस्करी बंद झाली होती. जेवताना ते ताटातलं तूस वेचायचे, एक एक काडी, आणि जेवायचे मात्र नाहीत. विहिरीवर गेले आणि यायला उशीर झाला की आई मला म्हणायची, जा, कळशी इसरले वाटतं. कळशी त्यांच्याकडेच असायची. मी जायचे, आणि ते कठड्याला टेकून नुसते उभे असायचे. मी "बाबा" म्हणेपर्यंत ते मागे वळायचे नाहीत, आणि अजूनही कुठल्याही विहिरीपाशी मी आधी कठड्याकडे बघते.

आणि मी काय करत होते? माझं पत्रक फळीवर तसंच पडलं होतं. त्यातला प्रत्येक शब्द माझ्या बापावर चपखल बसत होता. मुकादमावर लिहिताना सोपं होतं, मुकादम माझ्यासाठी रात्री उठून पाणी तापवत नव्हता. शेवटी एका सकाळी, बाबा मशीनचा पट्टा उगाचच सोडून परत चढवत होते तेव्हा, मी पुढे गेले आणि म्हटलं की मागच्या गोण्या मी पाहिल्या आहेत. ते पट्ट्यावरून हात काढेनात.

"शिमग्याच्या आत भरनार होतो," ते म्हणाले. "पैशे आले की धसईच्या बाजारातनं भात आनून भरनार होतो. किलोला किलो. मी चोर नाय गो, सुमे."

"चोराला निदान माहीत असतं तो चोरी करतोय. आपल्याला तेवढंही कळलं नाही."

बोलून गेले आणि मग मलाच धडकी भरली. ते खाली बसले, तुसाच्या ढिगावर, आणि लहान मुलासारखं विचारलं, "मंग आता काय करायचं?"

रविवारी मामा आला. त्याने बाबांना रागावलं नाही. जेवून झाल्यावर म्हणाला, भाऊजी, आधी कल्याणच्या पैशाला मेलेला धरा. तो आला तर आला. जे येणार आहे त्याच्यावर आजची रात्र काढायची नाही. मग त्याने घरात विकण्यासारखं काय काय आहे ते बाबांच्याच तोंडून वदवून घेतलं. पिशवी शिवायचं मशीन, नवा काटा, मोटारसायकल. आईने न विचारता कानातलं काढून ठेवलं, मामाने ते परत तिच्या हातात दिलं. "ताई, ते गिरणीचं नाय, तुझं हाय. हाच घोळ झालाय तुमच्यात." त्याच संध्याकाळी त्याने दुसरा एक डबा मागून घेतला आणि म्हणाला, उद्यापासून गिरणीचा पैसा यात. घराला लागेल ते महिन्याला ठरवून भाऊजी पगारासारखं उचलतील, मधे हात घालायचा नाही. तेव्हा मला वाटलं, आग लागलीय आणि हा माणूस डबे मांडतोय. आता मी जिथे जाते तिथे आधी ते दोन डबे मांडते.

मोटारसायकल गेली, मशीन गेलं. बाबा आणि मामा धसईच्या बाजारातून भात घेऊन आले. आई, बाबा आणि मी, आम्ही तिघांनी दार लावून तूस उपसलं आणि गोण्या भरल्या, चिंध्या होत्या तशा परत बांधल्या. गोणी जड झाली की आई तिच्यावर हात ठेवून डोळे मिटायची. बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा रंग आला. सगळं बसतंय, कुणाला कळणार नाही, ते म्हणाले. मी पुढची चिंधी बांधत राहिले, कारण मलाही तेच हवं होतं. मग आईने कोपऱ्यातली एक लहान गोणी पुढे ओढली. तिच्या तोंडाला हिरवी चिंधी होती, आणि चिंधीला एकावर एक अशा दोन गाठी.

"ही पन इकली का?" तिने विचारलं.

बाबा म्हणाले हो, त्यातून लाल तांदूळ पडला होता, त्यालाच तर सगळ्यात जास्त भाव आला.

आईने हिरव्या चिंधीवरून बोट फिरवलं. "दोन गाठी बियाला असतात," ती म्हणाली. "जानीचं बी होतं ते. तिच्या सासूपासनं चालत आलेलं. तुमी मला एकदा इचारायचं ना ओ."

इतकी वर्षं गिरणी चालवून बाबांना ती गोष्ट माहीत नव्हती, कारण गोण्या ठेवून घेणं हे आईचं काम, आणि आईचं काम म्हणजे धंदा नव्हे असं आमच्याकडे सगळेच धरून चालले होते. धसईचं भात पांढरं होतं. त्या गोणीत काय भरणार? भरून दोन गाठी मारल्या असत्या तर पाड्यावरच्या जानीमावशीने ते पेरलं असतं, आणि दिवाळीला तिच्या खळ्यात आमची लबाडी पिकली असती. बाबांनी त्या गोणीतलं तूस उपसून टाकलं आणि रिकामी गोणी मांडीवर घेतली. मग बाबा म्हणाले, "शिमग्याला जानी येईल, तवा सांगून काय उपेग? पेरनीपत्तुर बी शोधाया टाइम पायजे. आताच जायाला हवं." आणि माझ्याकडे पाहून, "तू येशील?"

भट्टी कल्याणच्या पलीकडे खाडीच्या अंगाला होती. एसटीत बाबांनी खिडकीची दांडी सोडली नाही. रिक्षातून उतरलो तेव्हा जळत्या तुसाचा वास आला. आमच्याच गिरणीतलं तूस बाबा दरवर्षी अशा भट्ट्यांना विकायचे. कच्च्या विटांच्या रांगांमध्ये जानीमावशी साच्यात माती दाबत होती. मुकादम लांब खाटेवर बसून आमच्याकडे बघत होता, आणि मला वाटलं, त्याला आम्ही त्याच्याच जातीचे वाटत असणार. बाबा चप्पल काढून उभे राहिले.

"जाने, तुमचं भात मी इकलं."

तिचे हात थांबले नाहीत. "सगल्यांचं?"

"सगळ्यांचं. परत भरलंय, धसईवरनं आनून. येशील तवा मोजून घे."

"आन दोन गाठींची?"

बाबांनी मान हलवली.

मावशीने साचा बाजूला ठेवला आणि मातीचे हात मांडीवर उपडे टाकून बसली. तेवढ्या वेळात मी काय काय ऐकायच्या तयारीने उभी होते. तिने हाक मारली असती तर त्या भट्टीवरची सगळी माणसं जमली असती. तिने फक्त विचारलं, "कुनी खाल्लं?"

"शेरातल्यांनी. लाल तांदलाला मान हाय आता तिकडं."

"भाव काय दिला?"

बाबांनी भाव सांगितला. ती हसली, पण ते हसू मला बघवलं नाही. "इतकी वर्सं तुमच्याकडं कांडून नेतो शेट. कवा बोलला नाय, जाने, तुझ्या भाताला येवडा भाव हाय म्हनून." मग हसू गेलं. "भात भरलंत ते बरं केलंत. बी कसं भराल?"

बाबा म्हणाले, तू सांगशील तसं. मग तिने आपल्या बहिणीचं नाव काढलं. ती मुरबाडकडे दिली होती, धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला, लग्नात हेच बी बरोबर घेऊन गेली होती. असलं तर तिच्याकडे असेल. "पन मी नाय मागायची," मावशी म्हणाली. "तुमी जायाचं. आदी काय केलं ते सांगायचं, मंग मागायचं."

बाबा गेले. पायी, कारण मोटारसायकल नव्हती आणि शेवटच्या पाड्याला एसटी जात नाही. मीही गेले. त्या बहिणीच्या अंगणात, तिच्या सुना-नातवंडांसमोर, त्यांनी सगळं परत सांगितलं, आणि ती म्हणाली, गिरणीवाला दारात मागायला आला, आज सूर्य चुकला का रे पोरांनो? पोरं हसली. बाबाही हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. तिने अर्धी गोणी बी दिलं, पुढच्या साली सवाईने फेडायच्या बोलीवर. ते बाबांनी खांद्यावरून आणलं. मी धरू का विचारलं तर नको म्हणाले.

कल्याणच्या पैशातले काही पुढे तुटक तुटक आले, बाकीचे आलेच नाहीत. पण थोडी भीती उरली होती, ती त्यानंतरच्या दिवाळीत वर आली. कापण्या झाल्या, पाड्यावर टेम्पो उभे राहिले आणि मागची खोली आईने सारवून रिकामी ठेवली होती. एक दिवस गेला, दुसरा गेला. बाबा गिरणीच्या दारात बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे नाहीत, मुद्दाम. काही घरं दुसऱ्या गिरणीत गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी दुपारी जानीमावशी आली. मागे तिच्या सुना, डोक्यावर गोण्या. तिने गोण्या रचल्या, दोन गाठींची सगळ्यात वर ठेवली, आणि मग कमरेच्या पिशवीतून एक नवंकोरं कुलूप काढून खोलीच्या कडीला घातलं. चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात टाकली. बाबांकडे बघून म्हणाली, "खोली तुमची, कुलूप आमचं. उंदीर आत गेला तर फोन करा, मी येईन." त्या संध्याकाळी मशीन चालू झालं, डबे किणकिणले, आणि ताटात आलेलं तूस बघून बाबा कित्येक महिन्यांनी म्हणाले की याचे पैसे आम्ही वेगळे लावत नाय.

ते कुलूप अजून आहे. आमच्या घरात त्याची चावी कुणाकडेही नाही आणि आम्हाला त्याने झोप लागते. भीतीवर मी पुष्कळ पत्रकं वाचली आणि लिहिली, पण भीती घालवणारी वस्तू मला ती एकच सापडली. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. हे वाचून झाल्यावर आपल्या दुकानात जा. दुसऱ्याचं जे असेल, मग तो गिऱ्हाइकाचा विसार असो, कारागिराचा पगार असो की ठेवायला दिलेली एखादी गोणी, ते आपल्यापासून बाजूला काढा. घरातल्या ज्या बाईला तुम्ही धंद्यातलं आजवर विचारलं नाही, तिला विचारा की यातलं काही सुटलं का. मग बाजारातून एक कुलूप आणा, ते लावा, आणि चावी आपल्या खिशात ठेवू नका. ज्याचं आहे त्याला नेऊन द्या. आजच.